नॉनलिनियर हॉल मोजणीच्या कसोटीवर एसआर८३०

स्टॅनफर्ड रिसर्च सिस्टिम्सचा एसआर८३० हा लॉक-इन अॅम्प्लिफायर (गोंगाटातून ठरावीक वारंवारतेचा क्षीण संकेत वेगळा काढणारे यंत्र) नेहमीच्या रोधमापनासाठी उत्तम आहे, याविषयी दुमत नसावे. टंगस्टन डायटेल्युराइडसारख्या स्तरित पदार्थातील नॉनलिनियर हॉल परिणाम मोजताना मात्र त्याच्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे तपासणे गरजेचे आहे. भौतिकशास्त्रज्ञ सोडेमन आणि फू यांनी २०१५ मध्ये वर्तवलेला हा परिणाम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत याच पदार्थाच्या मोजक्या थरांत दिसला, आणि २०२२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) संशोधकांनी पिळलेल्या ग्राफीनच्या (किंचित कोनात एकमेकांवर ठेवलेल्या, अणूइतक्या पातळ कार्बन-थरांच्या) अभ्यासात तो वापरला. यात चुंबकीय क्षेत्राशिवायच प्रवाहाच्या आडव्या दिशेला, प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात व्होल्टेज निर्माण होते. म्हणून १७ हर्ट्झचा प्रवाह सोडला की ३४ हर्ट्झवर संकेत शोधावा लागतो.

हे काम एसआर८३० सहज करतो. हार्मोनिकची (मूळ वारंवारतेच्या पटीची) कळ दाबून २ हा आकडा द्यायचा. खरा संकेत ९० अंशांनी सरकलेला असल्यामुळे तो संदर्भ-संकेताशी जुळणारा भाग दाखवणाऱ्या एक्सवर नव्हे, ९० अंश सरकलेला भाग दाखवणाऱ्या वाय चॅनेलवर उमटतो. नवख्यांची इथेच फसगत होते.

खरी मेख यंत्रातल्या ऑसिलेटरमध्ये, म्हणजे नमुन्यात सोडायचा संकेत तयार करणाऱ्या भागात आहे. १० किलोहर्ट्झखाली त्याची विकृती (मूळ संकेतात मिसळलेले नकोसे हार्मोनिक) १ व्होल्टला उणे ८० डेसिबल दिलेली आहे, म्हणजे मूळ संकेताच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. ही विकृती नमुन्याच्या साध्या रोधातून जाऊनही दुसऱ्या हार्मोनिकवर व्होल्टेज देते, आणि अपेक्षित संकेत मायक्रोव्होल्टचा असेल तर ते दुर्लक्षिता येत नाही. यावर उपाय म्हणजे प्रवाहाची आणि हॉल व्होल्टेजची टोके एकाच वेळी उलटी जोडणे: खऱ्या संकेताचे चिन्ह बदलते, ऑसिलेटरमधून आलेल्याचे बदलत नाही. ही चाचणी न करता काढलेल्या आलेखावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

कमी वारंवारतेवर गोंगाट गाळणारा २४ डेसिबलचा फिल्टर लावल्यास प्रत्येक बिंदूवर सुमारे १० टाइम कॉन्स्टंट (फिल्टर स्थिरावण्याच्या काळाचे माप) थांबावे लागते. घाई केल्यास आधीच्या बिंदूचे शेपूट पुढच्यात येते. संगणकाला जोडण्यासाठी फक्त जीपीआयबी आणि आरएस-२३२ ही जुनी जोडणी-मानके आहेत, तेव्हा केबलचा खर्च आधीच धरावा. शिवाय एका वेळी एकच हार्मोनिक मोजता येत असल्याने पहिला आणि दुसरा एकत्र नोंदवायचे असतील तर दोन यंत्रे लागतात. अंदाजपत्रक एकाच यंत्राचे असेल, तर या विशिष्ट कामासाठी एकाच वेळी अनेक हार्मोनिक वाचणारे यंत्र घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.