कागद जुना, अक्षर नवं

लिलावात घेतलेलं चार्ल्स डार्विनचं पत्र बनावट निघालं, त्याला दीड वर्ष होत आलं. घरच्यांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिते आहे, त्याचं कारण शेवटी येईल.

मी मुळात पुस्तकांची. निसर्गशास्त्रावरची जुनी पुस्तकं जमवता जमवता पत्रांकडे वळले. पुस्तकाच्या शेकडो प्रती असतात. पत्राचा मात्र तो एकच कागद, आणि त्यावर त्या माणसाचा हात खरोखर टेकलेला. एकदा ही ओढ लागली की डोकं थोडं बाजूला पडतं.

लॉट, म्हणजे लिलावात मांडलेली वस्तू, साधाच होता. एकपानी पत्र, सहा ओळी, वर घराचा पत्ता, खाली सही. तारखेत दिवस आणि महिना होता, वर्ष नव्हतं. डार्विन पुष्कळदा वर्ष लिहीत नसे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे ती मला खरेपणाची खूणच वाटली. खालच्या कोपऱ्यात कसरीनं पाडलेलं मोहरीएवढं भोक होतं. तेही मला आवडलं. कागदानं किती काळ पाहिला असेल, असं वाटलं.

लिलावाआधी वस्तू हातात घेऊन पाहता येते, तेव्हा मी अतिनील टॉर्च घेऊन गेले. साधारण १९५०पासून कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं सर्रास वापरली जाऊ लागली. असा कागद या उजेडात निळसर चमकतो. हा चमकला नाही, मंद पिवळटच राहिला. सहीची छायाचित्रं सोबत नेली होती, ती जुळली. जोडीला एक टंकलिखित चिठ्ठी होती: पत्र घराण्यात तीन पिढ्या आहे, आजोबांनी एका पुस्तकविक्रेत्याकडून घेतलं. विक्रेत्याचं नाव नाही, साल नाही, पावती नाही. मी ती वाचली आणि पुढे गेले. आज सगळ्यात जास्त राग येतो तो याच क्षणाचा.

बोली माझ्या मर्यादेच्या बरीच वर गेली. समोर एकजण शेवटपर्यंत होता, आणि तो थांबत नाही म्हणजे त्यालाही खात्री असणार, असं मी धरलं. हे अगदी चुकीचं. तो माझ्याइतकाच अनभिज्ञ असू शकतो, विकणाऱ्याचा माणूसही असू शकतो. हातोडा पडला त्या रकमेवर २५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, आणि वर कर. माझी दोन वर्षांची बचत गेली.

तीन महिन्यांनी ते पत्र आम्लमुक्त वेष्टनात ठेवून घ्यायला मी एका कागद-संवर्धक बाईंकडे नेलं. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “भोक आधीचं की अक्षर आधीचं, एवढंच तुम्ही बघा.”

मी पाहिलं. एका इंग्रजी ‘जी’ अक्षराची शेपटी त्या भोकावरून जात होती. कसरीनं लिहिलेला कागद खाल्ला असता तर रेघ भोकाच्या काठाशी सरळ तुटली असती. इथे शाई काठावर साचून भोकाच्या आत उतरली होती. पान उलटलं तर मागच्या बाजूलाही काठाला तपकिरी कड दिसली. म्हणजे भोक पडून गेल्यावर कुणीतरी त्यावरून टाक फिरवला होता, आणि निब तिथे अडखळून किंचित खाली सरकलं होतं.

मग एकेक दिसत गेलं. कागदाच्या तीन कडा पिवळ्या, डावी मात्र ताजी पांढरी आणि तिच्याजवळ वाळलेल्या खळीचा पुसट पट्टा. ते एका जुन्या पुस्तकाच्या आरंभीचं कोरं पान होतं, पातीनं कापून काढलेलं. म्हणूनच ते टॉर्चखाली पकडलं गेलं नाही. कागद खरोखरच त्या काळातला होता. पण वय झालं की कागदातली, शाई पसरू न देणारी खळ मरते आणि त्यावर आज लिहिलं तर शाई फुटते. माझ्या पत्रात घडीच्या रेषेवर प्रत्येक अक्षराला बारीक मुळं फुटली होती. पत्र आधी लिहितात, मग घडी घालतात. इथे घडी आधीची होती. लोहयुक्त शाईनं लिहिलेलं जुनं अक्षर निब दौतीत बुडवल्यापासून सुकेपर्यंत गडद-फिकं होत जातं. हे सगळं एकसारखं तपकिरी होतं. सहीची रेघही भिंगाखाली थरथरलेली, दोन ठिकाणी निब उचलून पुन्हा टेकवलेलं. ती सही केलेली नव्हती, काढलेली होती.

घरी येऊन डार्विन करस्पॉन्डन्स प्रोजेक्ट उघडला. केंब्रिज विद्यापीठाच्या या प्रकल्पात डार्विनची आणि डार्विनला आलेली १५,०००हून अधिक पत्रं आहेत, फुकट वाचता येतात, मजकुरात शोधताही येतं. पत्रातलं अर्धं वाक्य टाकलं. क्षणात तोच मजकूर समोर आला: कुणाला लिहिलं, कोणत्या वर्षी, आणि मूळ पत्र कोणत्या ग्रंथालयात आहे. भाषा डार्विनची वाटत होती, कारण ती होतीच डार्विनची, उतरवून घेतलेली. हा शोध मी लिलावाच्या आदल्या रात्री घेऊ शकले असते. एवढं एक तरी कराच. नामवंतांची पत्रं बहुधा छापलेली असतात, आणि मूळ प्रत कुठे आहे हे तिथे नोंदवलेलं असतं.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतला मार्क हॉफमन जुन्या पुस्तकांची कोरी पानं काढूनच बनावट दस्तऐवज करी. १९८५मध्ये त्यानं स्वतः छापलेला एक कागद न्यूयॉर्कमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गुपचूप ठेवला आणि तोच विकत घेऊन पावती मिळवली, म्हणजे पुढच्या मालाला मालकीचा पुरावा तयार. त्याच वर्षी आपलं बिंग फुटू नये म्हणून त्यानं बाँबनं दोन माणसं मारली. त्याच्या आधी फ्रान्समध्ये मिशेल शाल या गणितज्ञानं व्रँ-लुका नावाच्या माणसाकडून सुमारे २७,००० बनावट कागद घेतले, त्यात क्लिओपात्राची फ्रेंच भाषेतली पत्रंही होती. शाल बुद्धीनं कमी नव्हता. त्याला ती पत्रं हवी होती.

लिलावगृहाला लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: तक्रारीची मुदत २१ दिवस, आणि कॅटलॉगचा मजकूर पुन्हा वाचावा. वाचला. तिथे ‘साइन्ड’ नव्हतंच, ‘बेअर्स सिग्नेचर’ होतं. म्हणजे कागदावर सही दिसते आहे, ती कुणी केली याची जबाबदारी आमची नाही. चित्रांतही हेच चालतं. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे त्या चित्रकाराचं असावं असं मत, ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या भोवतीच्या कुणाचं, ‘मॅनर ऑफ’ म्हणजे मागाहून कुणी त्या शैलीत केलेलं, ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. क्रिस्टीज या लिलावगृहाच्या अटींत पाच वर्षांची हमी आहे, पण तीही कॅटलॉगातल्या ठळक मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यापुरती, अपवादांसकट. बोलीपूर्वी अटींचं पान छापून घ्या, मुदतीखाली रेघ मारा आणि वस्तू हाती आल्याच्या पहिल्या आठवड्यातच तज्ज्ञाला दाखवा.

सत्यता प्रमाणपत्राबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ते कुणीही छापतं. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट सह्यांबरोबर प्रमाणपत्रांचे गठ्ठेही सापडले, आणि मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे, त्याला आधी फोन करा.

आता हे लिहायचं कारण. गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका लिलावाच्या कॅटलॉगात वेगळ्या शास्त्रज्ञाचं एकपानी पत्र दिसलं. छायाचित्र मोठं करून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात, नेमक्या त्याच जागी, मोहरीहून किंचित लहान भोक. माझं पान ट्रेसिंग कागदावर उतरवून त्यावर धरलं, भोकांच्या जागा जुळल्या. त्याच पुस्तकातलं पुढचं पान होतं ते. त्या लिलावगृहाला माझ्या पत्राची सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रं पाठवली. लिलावाच्या आदल्या दिवशी तो लॉट काढून घेतला गेला. पत्र ज्यानं विकायला दिलं होतं त्याला ते परत केल्याचं कळलं. नाव सांगितलं नाही.

माझ्या पत्राच्या मागे पेन्सिलीनं ‘बनावट’ असं लिहून, खाली तारीख घालून ठेवलं आहे. ते दुसरं पान मात्र अशी नोंद न होताच फिरतंय, आणि त्या पुस्तकाला अशी आणखी किती कोरी पानं होती कोण जाणे. खालच्या कोपऱ्यात कसरीचं भोक असलेलं एकपानी पत्र कुणापुढे आलं, तर शाई काठावर थांबली आहे की आत उतरली आहे, ते आधी पाहा.