ईगलवरून कीकॅडच्या सिम्बॉल एडिटरवर: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं काम छोटं. शेतीपंपाचे ऑटो-स्टार्टर, टाकीचे लेव्हल कंट्रोलर, कधी एखाद्या यंत्रमागाचा टायमर. महिन्याला एखाद-दुसरा नवीन बोर्ड निघतो. बारा वर्षं ईगल या सर्किट आणि बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरवर काढली. पण ऑटोडेस्कने ७ जून २०२६ नंतर ईगल बंद असं २०२३ मध्येच जाहीर केलं, तेव्हा हलणं भाग होतं. त्याच कामाचं कीकॅड फुकट आहे, १९९२ पासून चालू आहे, सर्नसारख्या अणुसंशोधन संस्थेने त्यात हातभार लावलाय. म्हटलं, चला.

सर्किट काढणं आठवड्यात अंगवळणी पडलं. सिम्बॉल एडिटरला, म्हणजे भागांची सर्किटातली चित्रं बनवायच्या खिडकीला, मात्र तीन महिने लागले, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

ईगलमध्ये सिम्बॉलच्या पिनला फक्त नाव असायचं: बेस, कलेक्टर, एमिटर. कुठली पिन बोर्डावरच्या कुठल्या पॅडला (पाय डाखायच्या जागेला) जाणार हे आपण डिव्हाइस बनवताना 'कनेक्ट'मध्ये ठरवायचो. त्यामुळे एनपीएनचं एकच चित्र त्या जातीच्या सगळ्या ट्रान्झिस्टरना चालायचं. कीकॅडमध्ये ती मधली पायरीच नाही. पिन नंबर सिम्बॉलवरच बसतो आणि तोच नंबर फूटप्रिंटच्या, म्हणजे बोर्डावरच्या त्या भागाच्या आराखड्याच्या, पॅडवर शोधला जातो. सुरुवातीला लायब्ररीत एनपीएनच्या नावापुढे पायांच्या क्रमाचे ईबीसी, बीईसी, सीबीई असे प्रकार दिसले तेव्हा हसू आलं होतं. तीन अक्षरांची उलथापालथ करून तोच तोच सिम्बॉल कशाला ठेवतात?

कशाला ते २० बोर्ड करून आल्यावर कळलं. एका जुन्या नमुना सर्किटात रिले चालवायला २एन३९०४ ट्रान्झिस्टर होता. माझ्या ड्रॉवरमध्ये बीसी ५४७ शेकड्याने पडलेले. ईगलच्या सवयीने व्हॅल्यूत 'बीसी ५४७' लिहिलं आणि पुढे गेलो. २एन३९०४ चे पाय ओळीने एमिटर-बेस-कलेक्टर, बीसी ५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर. व्हॅल्यू बदलली तरी आतले नंबर जिथल्या तिथेच. ईआरसी (सर्किटाची जोडणी तपासणारा) गप्प, डीआरसी (बोर्डाची आखणी तपासणारा) गप्प. ते तरी काय बोलणार, कागदावर सगळं बरोबरच होतं. बोर्ड भरून १२ व्होल्ट दिले, एलईडी लागला, पण रिले एकाही बोर्डावर ओढेना. चूक पूर्णपणे माझी. बेस दोन्हीकडे मधोमध म्हणून वाचलो. सगळे ट्रान्झिस्टर काढून छापील खुणेच्या उलट तोंडाने परत लावले. आता नवा भाग वापरायचा तर आधी डेटाशीट उघडतो, एडिटरमधलं पिन टेबल शेजारी ठेवतो आणि बोट ठेवून एकेक नंबर वाचतो.

हे पिन टेबल मात्र मला फार आवडलं. ४८ पायांचा कंट्रोलर काढताना प्रत्येक पिनवर डबल-क्लिक करत बसावं लागत नाही. नंबर, नाव, प्रकार सगळं तक्त्यात भरता येतं. एक पिन ठेवून इन्सर्ट दाबत गेलं की पुढच्या नंबराची पिन खाली येत जाते. ग्रिड मात्र ५० मिलचीच ठेवा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १.२७ मिमी. मी एकदा सिम्बॉल सुबक दिसावा म्हणून २५ वर गेलो. सर्किटात वायर पिनला टेकलेली दिसत होती, प्रत्यक्षात जोडलेलीच नव्हती. ईआरसीने सांगितलं म्हणून कळलं.

पिनचा प्रकार भरायचा लोक कंटाळा करतात आणि सगळ्या पिना 'पॅसिव्ह' करून मोकळे होतात. मीही करायचो. मग ईआरसी आंधळा होतो आणि आपल्याला वाटतं, वा, एकही चूक नाही. उलट सगळं नीट भरलं की 'पॉवर इनपुट पिनला कुणी पुरवठा करत नाही' अशी तक्रार येते, कारण बाहेरून कनेक्टरने येणारा पुरवठा त्याला कळत नाही. तिथे 'पुरवठा आहे' असं सांगणारा पॉवर-फ्लॅग लावायचा, विषय संपला. लपवलेल्या पॉवर पिना मात्र माझ्या सिम्बॉलमध्ये मी ठेवतच नाही. त्या आपल्याच नावाच्या नेटला, म्हणजे जोडणीला, गुपचूप जोडल्या जातात, आणि पाच व्होल्ट व ३.३ व्होल्ट एकाच बोर्डावर असले की डोक्याला ताप.

एलएम ३५८ सारख्या भागाचे तीन तुकडे असतात: दोन ऑप-अँप (सिग्नल वाढवणारे) आणि तिसरा नुसता पॉवरचा, ४ आणि ८ नंबरच्या पिनांचा. तिसरा ठेवायला मी दोनदा विसरलो, दोन्ही वेळा ईआरसीने पकडलं. याबद्दल पूर्ण मार्क.

कटकट एकच, पण मोठी. सहाव्या आवृत्तीपासून सर्किटात सिम्बॉलची स्वतःची प्रत साठते. फाइल दुसऱ्याला पाठवली तरी काही तुटत नाही, हा फायदा. पण लायब्ररीत चूक दुरुस्त केली तरी जुन्या सर्किटात ती तशीच राहते. लायब्ररीतून अपडेट करायची आठवण आपणच ठेवायची. त्या खिडकीतल्या टिका नीट वाचा. 'लायब्ररीत नसलेली फील्ड काढून टाका' ही टीक काढायची राहून गेली आणि मी प्रत्येक भागाला लिहिलेले ड्रॉवर नंबर एका क्लिकमध्ये गेले. कंट्रोल-ई ने सर्किटातली प्रत उघडते, कंट्रोल-शिफ्ट-ई ने लायब्ररीतली. शीर्षकपट्टीकडे न बघता काम केलं की भलत्याच ठिकाणी दुरुस्ती होते. आणि सोबत येणाऱ्या लायब्ररीत बदल करायला जाऊ नका. आपली वेगळी काढा, त्यात कॉपी घ्या.

ईगलला परत जाणार नाही. पण नवशिक्या पोराला बसवलं तर पहिला आठवडा मी त्याला सर्किट काढू देणार नाही, नुसते सिम्बॉल तपासायला लावीन.

त्या २० पैकी एक बोर्ड मागच्या महिन्यात दुरुस्तीला आला. रिले ओढत नाही अशी तक्रार. कुणा मेकॅनिकने तो ट्रान्झिस्टर काढून, छापल्याप्रमाणे 'सरळ' करून लावला होता.