मुंबई ते न्यूयॉर्क किती किलोमीटर? कोणता आकडा धरायचा

भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (जगाचा नेहमीचा सपाट, चौकोनी नकाशा) मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला पट्टी लावली, तर रेघ सौदी अरेबिया, लिबिया, मोरोक्को अशी जाते आणि त्या वाटेने प्रत्यक्ष अंतर सुमारे 14,200 किलोमीटर भरतं. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा सिंध, अफगाणिस्तान ओलांडून थेट मॉस्कोजवळ चढतो, पुढे नॉर्वे, आइसलँड करत खाली उतरतो. अंतर जेमतेम 12,530! हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा. दूरच्या विमानतळांसाठी पट्टी का सोडायची, हे त्यांना लगेच पटतं.

दोऱ्याची ही वाट म्हणजे शाळेतल्या भूगोलातल्या बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीगोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर धरून हॅवरसाइन सूत्राने (अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं अंतर काढणारं सूत्र) हे अंतर एक्सेलमध्येही निघतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक्सेलला कोन अंशांत नाही, रेडियन या एककात लागतो. आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायला विसरू नका. मुंबई विमानतळ 72.87 पूर्वेला, जेएफके 73.78 पश्चिमेला. उणे राहिलं तर तुमचं न्यूयॉर्क किर्गिझस्तानात ओश शहराजवळ जाऊन बसतं आणि उत्तर येतं 2,400 किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, तेही हिशेबात घेणारी विन्सेंटीची पद्धत (1975) आहे. फरक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतला. सर्वेक्षणाला ती हवीच, प्रवाशाला नको.

खरी निवड आहे ती बृहद्वृत्ताचं अंतर आणि विमान प्रत्यक्षात उडालं ते अंतर यांच्यात. युरोपीय संघाच्या नियमात उड्डाण रद्द झाल्यावरची भरपाई बृहद्वृत्तानेच ठरते, तिथे दुसरा आकडा चालत नाही. शाळेचा प्रकल्प किंवा दोन मार्गांची तुलना असेल तरी मी हाच घेईन. कार्बनचा हिशेब करायचा असेल तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची रीत सोपी आहे: 5,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या उड्डाणात बृहद्वृत्ताच्या अंतरात 125 मिळवायचे.

वेळ आणि इंधन समजून घ्यायचं असेल, तर मात्र उडालेलंच अंतर हवं. तो दोरा पाकिस्तानवरून जातो, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घेणं भाग पडलं. म्हणजे तेच दोन विमानतळ, पण कंपनीगणिक अंतर वेगळं! शिवाय वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, त्यामुळे जातानाची आणि येतानाची वाटही सारखी नसते. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे आठवडाभराचे आकडे बघा आणि सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.