खडू चांगला हवा, पण त्याआधी फळा

नववी-दहावीच्या वर्गात गणित शिकवताना माझ्या हातात आलेल्या तीन प्रकारच्या खडूंचे हे परीक्षण आहे: साधा पांढरा खडू, ‘डस्टलेस’ म्हणून विकला जाणारा खडू आणि हागोरोमो हा मूळचा जपानी खडू. तिन्ही खडू मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत, पावसाळ्यासकट सर्व ऋतूंत वापरलेले आहेत. फळ्याचा विचार न करता खडूला गुण देण्यात अर्थ नाही, म्हणून फळ्याविषयीही लिहिले आहे.

साधा खडू जिप्समचा असतो. भाजलेल्या जिप्समची भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओतली की काही वेळात कांड्या तयार होतात, त्यामुळे तो स्वस्त पडतो आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावात सहज मिळतो. लिहायला मऊ असला तरी त्याची धूळ हलकी असते आणि पंख्याच्या वाऱ्याने पहिल्या बाकापर्यंत जाते. जुलैमध्ये उघडा राहिलेला डबा सादळतो आणि मग अक्षर धड उमटत नाही. डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवणे हा साधा उपाय आहे, पण शाळांमध्ये तो क्वचितच केला जातो.

डस्टलेस खडूत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. नावावरून धूळ होतच नाही असा समज होतो, तो चुकीचा आहे. धूळ होते, पण तिचे कण जड असल्यामुळे ती हवेत न तरंगता फळ्याखालच्या पट्टीवर बसते. दिवसभर सलग तास घेणाऱ्या, घसा बसण्याची तक्रार असलेल्या शिक्षकाला हा फरक लगेच जाणवेल. हा खडू कठीण असतो, त्यामुळे रेघ बारीक येते आणि गुळगुळीत फळ्यावर तो सरळ उभा धरला तर किंचाळतो. खडू तिरका धरावा, लांब असेल तर मोडून अर्धा करावा. आवाज बहुतेक वेळा थांबतो. रोजच्या वापरासाठी माझी निवड हीच आहे.

हागोरोमोची ख्याती गणितज्ञांमध्ये मोठी आहे. जपानमधल्या नागोया येथे 1932 साली सुरू झालेल्या या कंपनीने 2015 मध्ये उत्पादन बंद केले, तेव्हा जगभरच्या प्राध्यापकांनी डबेच्या डबे साठवून ठेवले. नंतर कोरियातल्या एका गणित शिक्षकाने, जो आधीपासून हा खडू आयात करत होता, यंत्रे आपल्या देशात नेली आणि आता तो तिथे बनतो. कांडीवर पातळ लेप असल्याने बोटे पांढरी होत नाहीत, रेघ ठसठशीत येते आणि शेवटच्या बाकावरून घातांकसुद्धा वाचता येतो. मात्र एका डब्याच्या पैशांत साध्या खडूचे कित्येक डबे येतात. मी तो भौमितिक रचनांच्या आकृत्यांसाठी राखून ठेवते. बाकीच्या तासाला त्याची गरज नाही.

आता फळा. सिमेंटच्या भिंतीवर काळा रंग मारून केलेला फळा काही वर्षांत गुळगुळीत होतो, चकाकतो आणि खिडकीकडच्या बाजूची मुले मान वाकडी करून वाचू लागतात. त्यावर हागोरोमोसुद्धा घसरतो. पोलादी पत्र्यावर भाजून चढवलेल्या सिरॅमिक थराचा हिरवा फळा महाग असतो, पण त्यावर साधा खडूदेखील उत्तम चालतो. असा फळा नवा बसवल्यावर त्यावर लगेच लिहू नये. आधी खडू आडवा धरून पूर्ण पृष्ठभागावर घासावा आणि कोरड्या डस्टरने पुसावा, नाहीतर पहिल्या दिवशी लिहिलेल्या अक्षरांच्या खुणा मागे राहतात. शाळेकडे मर्यादित पैसे असतील तर ते आधी फळ्यावर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारची खडू-फळा योजना 1987 साली आली तेव्हा प्राथमिक शाळांच्या किमान गरजांत फळा मोजला गेला होता. आज तो आहे असे गृहीत धरले जाते आणि त्याच्या अवस्थेकडे कुणी बघत नाही.

इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल पडदा, असताना हा खटाटोप कशासाठी, असे पालक विचारतात. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना मधल्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग का मिळवायचा, हे मुलांना कळते ते पहिली ओळ अजून डोळ्यांसमोर असताना. पॅनेलवर तयार पायऱ्या एका बोटाने सरकतात आणि मागची पायरी दिसेनाशी होते. फळ्यावर हाताच्या वेगानेच लिहावे लागते. तेवढ्या वेळात मूल वहीत उतरवते, अडते, विचारते. पूर्ण उदाहरण डावीकडून उजवीकडे एकत्र दिसत असल्याने चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली हे मुलांनाच सापडते, आणि ती दुरुस्त करायला त्यांच्या हातात खडू देता येतो. घनाचा छेद फिरवून दाखवायचा असेल किंवा आलेखातला एक सहगुणक बदलल्यावर वक्र कसा हलतो हे दाखवायचे असेल, तर पॅनेलच सरस, हे मी मान्य करते.

म्हणूनच पॅनेल बसवताना फळा काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना सरकणारे हिरवे फळे बसवता येतात. ते बंद केले की पॅनेल झाकले जाते आणि लिहायला पूर्ण रुंदी मिळते. खर्च वाढतो, आणि पॅनेलच्या फटींत धूळ जाऊ नये म्हणून अशा वर्गात डस्टलेस खडूच वापरावा लागतो. डस्टर मात्र रोज वर्गाबाहेर झटकावे.