ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा स्लायडर की कर्व्ह्ज?

फोटो उजळताना साधा ब्राइटनेस स्लायडर प्रत्येक पिक्सेलच्या उजळपणाच्या आकड्यात सारखीच भर घालतो. ८-बिट फोटोत हा आकडा ० ते २५५ असतो: ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. ४० वाढवले की २१५च्या वरचे सगळे २५५ला जाऊन आदळते. ढगांची घडी, पांढऱ्या कापडाची वीण सपाट होते. शिवाय काळा ४०वर येतो आणि फोटो धुरकट दिसतो. फोटोशॉपमध्ये ‘यूज लेगसी’वर (जुनी पद्धत वापरा) खूण असेल तर नेमके हेच घडते, ती काढली की स्लायडर बराच सौम्य वागतो. घाईत एखादा फोटो किंचित उजळायला तेवढे पुरेसे आहे.

कर्व्ह्ज म्हणजे मूळ उजळपणा आणि नवा उजळपणा यांची रेषा, ती ओढून वाकवायची. तिच्यात काळ्या-पांढऱ्याची दोन्ही टोके जागेवर राहतात. मधला बिंदू १२८वरून १५०ला उचला: चेहरा उजळतो, काळा काळाच राहतो. कॉन्ट्रास्टसाठी ६४ला ५४वर आणि १९२ला २०२वर न्या, हलका ‘एस’ तयार होतो. याहून जास्त ओढलेत तर सावल्या बुजतात, आकाशात पट्टे उमटतात. रंगही भडकतात, विशेषतः त्वचेचा लालसरपणा; तेव्हा कर्व्ह्ज अॅडजस्टमेंट लेयरवर (मूळ फोटो न बदलणाऱ्या वेगळ्या थरावर) लावून त्याचा ब्लेंड मोड ‘ल्युमिनॉसिटी’ करा, म्हणजे फक्त उजळपणा बदलतो.

जपून ठेवायच्या फोटोला कर्व्ह्जच लावा, आणि हिस्टोग्राम (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख) उघडा ठेवून.