बुरशी लागलेली १८-५५ आणि तिच्या जागी आलेली ३५ एमएम १.८जी : जत्रांचा मोसम वापरल्यावर

सिंधुदुर्गात पावसाळाभर कॅमेरा बॅगेत बंद राहिला की काय होतं, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. गणपतीत बॅग उघडली तर कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सच्या पुढच्या काचेआड कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. कुरिअरने सर्व्हिस सेंटरला पाठवली. उत्तर आलं, "साफ होणार नाही, पुढचा भागच बदलावा लागेल." खर्च असा सांगितला की तेवढ्यात चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड १८-५५ येऊन वर पैसे उरावेत. दुरुस्ती करा न करा, तपासणीचे पैसे वेगळे. ते भरले, कारण भरल्याशिवाय लेन्स परत देईनात. त्या तिरमिरीतच ठरवलं की आता किट लेन्सवर एक रुपयाही घालायचा नाही.

बॉडी निकॉन डी५६००. हे आधी सांगितलं, कारण लोक अजून "पन्नास १.८डी घे, स्वस्तात मस्त" असा सल्ला देतात. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे त्या लेन्सवर ऑटोफोकस चालतच नाही. आतच मोटर असलेली लेन्स हवी, निकॉनच्या नावांत एएफ-एस किंवा एएफ-पी. मग उरल्या तीन : ५० एमएम १.८जी, ३५ एमएम १.८जी डीएक्स, आणि सिग्माची १७-५० एफ/२.८. (एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य अरुंद; १.८, २.८ हे अपर्चरचे आकडे, लहान तितका प्रकाश जास्त.)

मला फोटो काढायचे होते दशावताराचे, म्हणजे जत्रेत रंगणाऱ्या लोकनाट्याचे. देवळासमोर पुढच्या रांगेत बसलं की नट साधारण तीन मीटरवर असतो. कॅमेरा उभा धरला तर ३५ मध्ये दोन मीटर उंची मावते, म्हणजे मुकुटासकट उभा राजा. ५० मध्ये जेमतेम १.४ मीटर. राजाचे पाय कापायचे की मुकुट, एवढंच ठरवायचं. सिग्मात झूम आहे, स्टॅबिलायझर आहे, पण वजन ५६५ ग्रॅम, आणि एफ/१.८ तिच्यापेक्षा जवळपास अडीचपट प्रकाश घेते. शिवाय किंमत. मिररलेसकडे वळलेल्या एकाने ३५ विकायला काढली होती. मोबाईलचा टॉर्च मारून आतली प्रत्येक काच पाहिली आणि मगच पैसे दिले. तो माणूस जरा वैतागला, वैतागू दे.

विकणारे सांगतात, "५.६ वरून १.८, दसपट प्रकाश." हिशोब बरोबर, पण अर्धवट. ५.६ हा आकडा किट लेन्सच्या ५५ एमएमच्या टोकाचा. ३५ एमएमवर तीच लेन्स ४.५ च्या आसपास उघडते. म्हणजे खरा फायदा सहा-सव्वासहापट, पावणेतीन स्टॉपच्या आतला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). तोही कमी नाही, पण दसपट ऐकून गेलेल्या माणसाला फसल्यासारखं वाटतं.

पहिल्या जत्रेत खूश झालो ते मात्र वेगळ्याच कारणाने. दशावतारातला राक्षस संकासुर येतो तो नखशिखांत काळा, बाहेर फक्त लाल जीभ. किट लेन्स त्याच्यावर पुढे-मागे हुडकत बसायची, तोवर तो पोरांना घाबरवून दुसऱ्या बाजूला गेलेला असायचा. ३५ ने मधला पॉइंट जिभेवर ठेवला की पकडते. एक गोष्ट ध्यानात ठेवा : तीन मीटरवर एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा अर्ध्या मीटरच्या आसपास. युद्धात एक नट पुढे, एक मागे असला की एकजण पुसट येणारच. मी २.२ वर ठेवतो.

आता पोट भरून तक्रार. मोठ्या अपर्चरचा फायदा शटर स्पीड वाढवायला घ्यावा असं मनात होतं. १/२५० सेकंदाला तलवार हवेत थांबेल! पण हल्ली मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, एलईडीचे फ्लड लावतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/२५० ला एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, कधी अर्ध्या फोटोवर आडवा पट्टा. चार वेगवेगळे दिवे असले तर राजा पिवळा आणि राणी हिरवी. १/१०० ला एक अख्खं आवर्तन शटरमध्ये बसतं आणि पट्टे जातात. मग १/१०० च. तलवार पुसट येते ती येते. मंडळाच्या एका काकांना विचारलं की जुने पिवळे हॅलोजन लावता येतील का. ते म्हणाले, "बिल तू भरशीत?" मी पुढच्या रांगेत परत आलो. लेन्स बदलून उपयोग काय, दिवेच असे असले तर! ही चिडचिड माझी अजून गेलेली नाही.

म्हणून फायदा झाला तो आयएसओत, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्यात; तो कमी तितका फोटो स्वच्छ. पूर्वी त्याच प्रकाशात ६४००, १/६० आणि तरी हललेले चेहरे. आता १.८ ला १६००, १/१००, आणि चेहऱ्यावरचा रंग, घामाचे थेंब दिसतात. २.२ ला आयएसओ थोडा चढतो, चालतं.

मोसमाच्या मध्यावर माझं मत मात्र थोडं पालटलं. एका देवळात गाभाऱ्यातली समई आणि मूर्ती काढायची होती. नवी लेन्स लावली, अगदी १/१५ ला हात हलायला लागले. हिला व्हीआर, म्हणजे निकॉनचा स्टॅबिलायझर, नाही. बुरशी लागलेली किट लेन्स लावली, तिच्या व्हीआरचा कंपनीचा दावा चार स्टॉपचा. १/८ ला समई नीट आली, वर स्पष्ट दिसणारा पट्टाही जास्त खोल. हलत नसलेल्या गोष्टीला चार स्टॉपचा व्हीआर पावणेतीन स्टॉपच्या अपर्चरला भारी पडतो, हे गणित दुकानात कोणी मांडत नाही. थोड्या बुरशीने फोटोत डाग दिसत नाही, समोरून प्रकाश आला की धुरकटपणा येतो तेवढाच. त्यामुळे ती फेकलेली नाही. पण ३५ च्या बॅगेत तिला जागा नाही, बुरशी शेजारी पसरायला नको.

आणि फिल्टर. किटचं तोंड ५५ एमएम, ३५ चं ५२, पन्नासचं ५८, सिग्माचं ७७. एकाच बॉडीवर लागणाऱ्या चार लेन्सना चार मापं! धबधब्यांसाठी घेतलेला ५५ चा पोलरायझर ३५ वर बसेना. ५२-५५ ची स्टेप-अप रिंग घेतली. स्वस्त आहे, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

३५ आता मिठाईच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. खडे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर कढईत परतून परत आत. ज्यांना हलती माणसं काढायची आहेत त्यांनी ३५ जरूर घ्यावी. ज्यांचे फोटो देवळं, दागिने, घरातल्या पूजा एवढेच असतील त्यांनी आहे त्याच १८-५५ वर ट्रायपॉड घ्यावा. आणि ज्यांना लग्न-मुंजीत अरुंद हॉलमध्ये सगळं कुटुंब एका फ्रेममध्ये बसवायचंय, त्यांनी दोन्हीपैकी काही न घेता १७-५० साठी थांबावं, कारण ३५ ला मागे सरकायला भिंत आडवी येते.