मांडीच्या धमनीतील ब्लॉकेज: स्टेंट की बायपास?

पायाच्या धमनीत ब्लॉकेज असल्याचे डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) दिसले की स्टेंट, म्हणजे धमनी खुली ठेवणारी धातूची जाळी, टाकावा की बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा देऊन रक्ताला नवी वाट जोडण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यावा, हा प्रश्न रुग्णाच्या घरात लगेच उभा राहतो. निर्णय घेताना पहिल्या महिन्यातील आरामापेक्षा तीन ते पाच वर्षांनी धमनी खुली असेल का आणि पाय शाबूत राहील का, हे पाहायला हवे.

ओटीपोटातील इलियाक धमनी रुंद असते व तिच्यातून रक्त जोराने वाहते, त्यामुळे तेथे स्टेंट चांगला टिकतो आणि बहुधा त्यालाच पहिली पसंती मिळते. मांडीतील धमनीचे तसे नाही. जिना चढताना, मांडी घालून किंवा उकिडवे बसताना ती वाकते, आखडते आणि पिळली जाते, आणि आत बसवलेल्या धातूच्या जाळीला हे सारे वर्षानुवर्षे सोसावे लागते. कधी जाळीची तार तुटते. पण त्याहून अधिक वेळा जाळीच्या आत पेशींचा नवा थर वाढून वाट पुन्हा अरुंद होते. व्हिएन्नातील एका अभ्यासात दोन वर्षांनी साध्या स्टेंटच्या गटात सुमारे 46 टक्के, तर मुख्यतः फुग्याने धमनी उघडलेल्या गटात 69 टक्के रुग्णांत ती पुन्हा अरुंद झाली होती. झिल्व्हर पीटीएक्स या औषधलेपित स्टेंटच्या चाचणीत पाच वर्षांनी सुमारे 66 टक्के धमन्या खुल्या होत्या, नेहमीच्या उपचारांत 43 टक्के. सुधारणा मोठी आहे, तरीही पाच वर्षांत दर तिघांपैकी एकाची धमनी पुन्हा अरुंद होते, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. या लेपातील पॅक्लिटॅक्सेल या औषधामुळे मृत्यू वाढतात, अशी शंका 2018 मध्ये निघाली होती. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2023 मध्ये अधिक माहिती तपासून ती बाजूला ठेवली.

बायपाससाठी स्वतःच्या पायातील लांब शीर वापरता आली, तर ती कृत्रिम नळीपेक्षा अधिक टिकते. बोटे काळी पडलेल्या, जखम न भरणाऱ्या किंवा रात्री पाय ठणकणाऱ्या रुग्णांवरील बेस्ट-सीएलआय चाचणीत (2022), चांगली शीर उपलब्ध असताना, मोठी पुनर्शस्त्रक्रिया, घोट्यावरून पाय काढणे किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी बायपासनंतर 42.6 टक्के, तर फुगा-स्टेंटनंतर 57.4 टक्के रुग्णांच्या वाट्याला आले. शीर चांगली नसलेल्या गटात मात्र ठळक फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील बेसिल-2 चाचणीने, गुडघ्याखालच्या धमन्यांतही उपचार लागणाऱ्या रुग्णांत, उलट कौल दिला: तेथे फुगा-स्टेंटचा गट सरस ठरला, मुख्यतः मृत्यू कमी झाल्यामुळे. म्हणून वय, हृदय आणि मूत्रपिंडांची स्थिती न पाहता सरसकट बायपास सुचवणे मला पटत नाही. पण शरीर शस्त्रक्रिया सोसू शकत असेल, शीर उत्तम असेल आणि पाय धोक्यात असेल, तर केवळ टाके नकोत म्हणून बायपास टाळणे हेही तितकेच चुकीचे वाटते.

चालताना फक्त पोटऱ्या भरून येत असतील, तर घाई करू नये. इलियाक धमनीच्या रुग्णांवरील क्लेव्हर चाचणीत सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम करणारे स्टेंटवाल्यांपेक्षा अधिक वेळ चालू शकले. स्वतःच्या जीवनमानाबद्दल मात्र स्टेंटवाले अधिक समाधानी होते. कोणताही मार्ग निवडला तरी तंबाखू, मिश्री आणि बिडी बंद करणे, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन व रक्त पातळ ठेवणारी गोळी नियमित घेणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे चुकत नाही.

स्टेंटला होकार देण्यापूर्वी पायातील शिरेची डॉपलरने मोजणी करून घ्यावी आणि सर्जनला एक प्रश्न अवश्य विचारावा: पुढे बायपासची वेळ आली तर शीर जोडण्यासाठी धमनीचा निरोगी भाग शिल्लक राहील का? गुडघ्यामागच्या धमनीपर्यंत लांबवर स्टेंट पसरला, तर ती जागा कायमची हातची जाऊ शकते.